विष टाकायला कवडी, काढायला कोटी

(चिमूर येथे डिसेंबर २०११ मध्ये झालेल्या दोन दिवसांच्या कार्यकर्ता शिबिरात पाण्याच्या सत्रात दिलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून जमिनीवर भरपूर बोलणं झालं. दावे, पट्टे, मोजणी, वनपाल काय म्हणतो, तलाठी काय म्हणतो, सगळं झालं. आता जेवण झालं आहे, डोळे जड झाले आहेत आणि माझ्या वाट्याला पाणी आलं आहे. आपली संघटना जमिनीची, मग हा पाण्याचा विषय मधात कुठून आणला, असं दोघातिघांनी मला जेवताना विचारलं. बरोबर आहे विचारणं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

तुमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. विहिरीतलं पाणी कसं आहे याची नोंद नसते. कंपनी जेव्हा जमीन मागायला येते तेव्हा एकराचा भाव करते. ज्याची जमीन जाते त्याला काही ना काही पैसा मिळतो, कमी मिळतो, उशिरा मिळतो, पण मिळतो. ज्याची जमीन जात नाही, पण विहीर कारखान्याच्या खालच्या अंगाला आहे, त्याला छदामही मिळत नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तो प्रकल्पग्रस्त नाही, विस्थापित नाही, बाधित नाही. त्याच्या मटक्यातलं पाणी तेवढं बदलतं. तेव्हा हा जमिनीचाच विषय आहे, जमिनीच्या खालचा.

आणि दुसरं कारण. मागच्या काही महिन्यांत गावोगाव एक गोष्ट ऐकू येऊन राहिली आहे. कुठं खाणीची बोलणी, कुठं कारखान्याची. बंदरच्या कोळशाची चर्चा तर आपल्या तालुक्यात चालूच आहे, मुरपारची खाण आपण रोज पाहतो. अशा बोलण्यात कोणी पाण्याचं विचारलं की साहेब लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: "पाणी खराब झालंच तर आम्ही मशीन लावून देऊ." पोरं खूश होतात. मशीन येणार, थंड पाणी येणार. तर आज आपण त्या मशीनचाच हिशेब करू. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण हिशेब आपल्याला येतो, तेंदूपत्त्याचे पुडके मोजणाऱ्याला येणार नाही तर कोणाला येईल?

पहिल्यांदा हे समजून घ्या की पाणी दोन तऱ्हेनं खराब होतं. एक जंतूंनी. हगवण, कावीळ, टायफॉईड. त्याचा उपाय आपल्याला माहीत आहे. पाणी उकळा, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका. ग्रामपंचायतीचा माणूस टाकतो, नाही टाकली तर आपण बोंब मारतो. खर्च थोडका, उपाय पक्का. दुसरी तऱ्हा रसायनाची. पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, फिनॉल, रंगाच्या कारखान्यातले आम्ल. यातलं बहुतेक डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही. उकळून जात नाही. उलट उकळलं की पाणी वाफ होऊन उडतं आणि शिशासारखे धातू मागे राहतात, म्हणजे मटक्यात जरा घट्टच होतात. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, शिसं मारत नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पण पाणी नितळ दिसलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही. गावात बाटलीत पाणी घालून काळं होतं का पाहतात, ती तपासणी जंतूंची आहे. त्यात पास झालेलं पाणी रसायनानं भरलेलं असू शकतं.

आता किती रसायनानं पाणी खराब होतं? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात पारा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या वर नको. हा आकडा तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणून दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो. ताप पाहायची काचेची नळी असते ना, दवाखान्यात काखेत लावतात ती. तिच्यात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. एक ग्रॅम पारा पाण्यात पूर्ण विरघळला तर १० लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. आपली साधी विहीर तेरा फूट रुंद, सोळा फूट पाणी धरलं तर साठ हजार लिटर होते. म्हणजे एका तापाच्या नळीत सोळा-सतरा विहिरी.

(एक बाई: मग दवाखान्यात नळी फुटली तं?) फुटली तर झाडून नाल्यात नका टाकू, एवढंच. (हशा) पण कारखान्यातून नळी फुटत नाही, टनानं निघतं.

आता मशीन. मशीन दोन-तीन जातींची असतात. एका जातीत कोळशासारखी भुकटी असते. तिच्यातून पाणी गाळलं की रसायन भुकटीला चिकटतं. चांगली गोष्ट आहे. पण भुकटीचं पोट भरलं की ती चिकटवून घेणं बंद करते. कधी भरलं हे गावात बसून कळत नाही, प्रयोगशाळेत नमुना पाठवला तरच कळतं. मग ती बदलायची. जुनी कुठं टाकायची? तिच्यात सगळं विष जमा झालेलं आहे. दुसरी जात आर.ओ.ची. तिच्यात बारीक पडदा असतो, पंपानं जोर लावून पाणी त्यातून ढकलतात. एका नळीतून चांगलं पाणी येतं, दुसऱ्या नळीतून टाकाऊ. अर्धं पाणी, कधी अर्ध्याहून जास्त, टाकाऊ म्हणून जातं, आणि त्यात रसायन आधीपेक्षा घट्ट झालेलं असतं. ते पाणी कुठं जातं? मशीनच्या मागच्या नालीत. नाली कुठं जाते? बोडीत. तिथं ढोरं पाणी पितात. म्हणजे विष कुठं गेलं नाही, त्यानं जागा बदलली. आणि पंपाला लाईट लागते. आपल्याकडं बारा-बारा तास लाईट नसते.

फ्लोराईडचं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात कितीतरी गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराईड आहे. पोरांचे दात पिवळे, डागाळलेले, म्हाताऱ्यांची कंबर वाकलेली. ते कोणा कंपनीनं टाकलं नाही, खडकातूनच येतं. ते काढायची साधी रीत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं काढली, तुरटी आणि चुना घालून ढवळायची. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. रीत चांगली, स्वस्त. पण रोज मापानं तुरटी घालायला, गाळ काढायला, तो गाळ सांभाळून टाकायला माणूस लागतो. त्या माणसाचा पगार कोणी द्यायचा ठरत नाही. देशभरात किती ठिकाणी असे प्लँट बांधले आणि बंद पडले. हे एका रसायनाचं, निसर्गातून आलेल्या, रीत माहीत असलेल्या रसायनाचं. कारखान्याच्या पाण्यात दहा-पंधरा रसायनं एकमेकांत मिसळलेली असतात. प्रत्येकाची रीत वेगळी.

फ्लोराईडची गोष्ट दुसऱ्याही कारणानं सांगितली, ती पुढे येईल.

आता बिछडी. हे गाव राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात आहे. तिथं १९८८ च्या सुमारास एच-ॲसिड नावाचा माल काढणारा कारखाना सुरू झाला. कपडा रंगवायचे रंग करायला हा माल लागतो. माल परदेशात जायचा. ज्या देशांना तो हवा होता, त्यांना तो आपल्या घरी बनवायला नको होता, कारण बनवताना घाण फार निघते. घाण बिछडीला, रंग त्यांना. सुप्रीम कोर्टाच्या निकालातही ही गोष्ट आली आहे.

किती माल काढला? सगळा मिळून ३७५ टन. त्यासाठी ८२ लाख लिटरच्या वर दूषित पाणी निघालं आणि २,४०० टनांच्या वर गाळ. म्हणजे एक टन माल, साडेसहा टन गाळ. तो गाळ उघड्यावर, खड्ड्यात, इकडेतिकडे टाकला. पाऊस आला, गाळातलं सगळं जमिनीत उतरलं. विहिरींचं पाणी काळपट लाल झालं. पिकाला देता येईना, ढोरं तोंड लावेनात. गावकरी इतके चिडले की जमावबंदी लावावी लागली, आणि जानेवारी १९८९ मध्ये कारखान्यातलं ते उत्पादन बंद पडलं. म्हणजे पाहा, कारखाना नीट एक वर्षही चालला नाही. एक वर्ष.

त्या एका वर्षाची किंमत काय? १९८९ मध्येच एका संस्थेनं सुप्रीम कोर्टात अर्ज केला. १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल लागला. कोर्टानं सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच साफ करण्याचा खर्च द्यायचा, त्याची चूक होती की नव्हती हा प्रश्न नाही. इथं नीरीचा अहवाल कामाला आला, आपल्या नागपूरचीच संस्था. तिच्या माणसांनी माती तपासली, विहिरी तपासल्या. साडेतीनशे हेक्टर जमीन बाधलेली. साफ करण्याचा खर्च निघाला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये.

आता आपण भागाकार करू. ३७५ टन म्हणजे पावणेचार लाख किलो. ३७ कोटींना त्यानं भागलं तर किलोमागे जवळजवळ हजार रुपये येतात. एक किलो माल काढला, आणि त्यामागे हजार रुपयांची घाण जमिनीत ठेवली. हजार रुपये त्या काळचे, जेव्हा रोजगार हमीची मजुरी आजच्या मानानं काहीच नव्हती. मालाच्या भावात ते हजार रुपये कधी धरलेच नव्हते. धरले असते तर कारखाना उभाच राहिला नसता. ते हजार रुपये बिछडीच्या विहिरींवर उधार लिहिले होते.

आणि भरले का? नाही. ४ नोव्हेंबर १९९७ पासूनचं व्याज आहे, म्हणजे तेव्हापासून पैसे थकलेले. एक अर्ज, दुसरा अर्ज, फेरविचार, पुन्हा अर्ज. चौदा वर्षं. आत्ता जुलैमध्ये, १८ जुलै २०११ ला, सुप्रीम कोर्टानं पुन्हा निकाल दिला. मूळ रक्कम अधिक त्यावर १२ टक्के चक्रवाढ व्याज, आणि कोर्टाच्या खर्चाचे १० लाख वेगळे. मी कागदावर हिशेब केला, व्याजासकट ते पावणेदोनशे कोटींच्या वर जातं. कोर्टानं कडक शब्दांत लिहिलं आहे, चांगलं लिहिलं आहे. पण १९८९ मध्ये ज्या पोराचं वय दहा होतं तो आज बत्तीसचा आहे. तो या बावीस वर्षांत कोणतं पाणी प्याला? निकाल वकिलांनी वाचायचा असतो, पाणी त्याला प्यायचं असतं. आणि समजा उद्या सगळे पैसे भरले, तरी पैसे भरणं वेगळं आणि विहीर साफ होणं वेगळं. जमिनीखालचं पाणी बादलीतल्यासारखं नसतं. ते मातीच्या कणाकणात, खडकाच्या भेगांत असतं. वरचं उपसलं की चिकटलेलं रसायन हळूहळू पुन्हा सुटतं. अमेरिकेत अशा जागी पंप लावून वर्षानुवर्षं, काही ठिकाणी तीस-तीस वर्षं उपसत बसले आहेत.

दुसरी गोष्ट आदिवासी गावाची आहे, म्हणून सांगतो. केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा. तिथं २००० साली कोकाकोलाचा कारखाना आला. कारखान्याच्या आजूबाजूच्या वस्त्या बहुतेक आदिवासींच्या. कारखाना रोज लाखो लिटर पाणी जमिनीतून उपसायचा. सहा महिन्यांत, वर्षात विहिरीचं पाणी बदललं. भात शिजवला तर वेगळाच व्हायचा, आंघोळ केली की अंग खाजवायचं. आणि कारखान्यातून निघणारा गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून देत होते. फुकट खत! २००३ मध्ये तो गाळ तपासला तर त्यात शिसं आणि कॅडमियम निघालं. मयिलम्मा नावाच्या आदिवासी बाईनं कारखान्याच्या दारासमोर धरणं धरलं. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला, पण पाणी कसं लागतं हे येत होतं. पेरुमट्टी ग्रामपंचायतीनं परवाना पुढे दिला नाही, आणि मार्च २००४ मध्ये कारखाना थांबला. मयिलम्मा २००७ मध्ये गेली. मग केरळ सरकारनं समिती नेमली, तिनं गेल्या वर्षी हिशेब दिला: एकूण नुकसान २१६ कोटी २६ लाख. त्यात पाणी दूषित केल्याचे ६२ कोटी वेगळे आणि लोकांना दुसरीकडून पाणी आणून देण्याचे २० कोटी वेगळे धरले. हा वेगळेपणा ध्यानात ठेवा. विहीर बिघडवणं हे एक नुकसान, आणि टँकरनं पाणी पुरवणं हा दुसरा खर्च. आपल्याकडं टँकर दिला की पहिलं नुकसान माफ झालं असं समजतात. यंदा फेब्रुवारीत केरळ विधानसभेनं भरपाईसाठी न्यायाधिकरण नेमायचं विधेयकही मंजूर केलं. चार वर्षं चाललेल्या कारखान्याचा हा हिशेब आहे.

जपानची गोष्ट लांबची आहे, थोडक्यात सांगतो. मिनामाता नावाचं कोळ्यांचं गाव. कारखान्यानं समुद्रात पारा सोडला, माशात गेला, माणसांत गेला. १९५६ मध्ये रोग उघड झाला. खाडीतला गाळ काढायला १९७७ ते १९९० लागलं आणि ४,८५० कोटी येन. जपान सरकारच्याच पर्यावरण खात्यानं नंतर हिशेब मांडला की वर्षाला १२ कोटी ३० लाख येन खर्चून प्रदूषण आधीच थांबवता आलं असतं, न थांबवल्यानं वर्षाला १,२६३ कोटी येनचं नुकसान झालं. एकाला शंभर. आपला भोपाळ तर जगाला माहीत आहे. गॅसची रात्र १९८४ ची. पण कारखान्याच्या आवारातला माल तिथंच पडून राहिला, आजही आजूबाजूच्या वस्त्यांच्या बोअरिंगच्या पाण्यात त्याची रसायनं आहेत. सुप्रीम कोर्टाला २००४ मध्ये सांगावं लागलं की या वस्त्यांना दुसरीकडचं चांगलं पाणी द्या. बोअरिंग कोणी शुद्ध करू शकलं नाही. पाईप टाकून दुसरीकडून पाणी आणलं.

आता घरी येऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ च्या डिसेंबरात देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. या परीक्षेत ज्याला जास्त गुण तो नापास. सत्तरच्या वर गेला तो अतिप्रदूषित. असे ४३ निघाले. चंद्रपूरला ८३.८८. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथा नंबर चंद्रपूर. बल्लारपूर, घुग्घुस, ताडाळी सगळं त्यात आलं. जानेवारी २०१० मध्ये केंद्रानं अशा ४३ ठिकाणी नव्या उद्योगांना परवानगी द्यायचं थांबवलं. आता विचार करा. तिकडे जागा भरली, नाव खराब झालं, परवानगी मिळत नाही. मग नवा उद्योग कुठं जागा शोधेल? जिथं अजून पाणी चांगलं आहे तिथंच. आपलं पाणी चांगलं आहे, हीच आपली अडचण होऊन राहिली आहे.

आणि नद्यांचं पाहा. आपली उमा शेवटी वैनगंगेलाच जाते. तिकडची इरई वर्धेला जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि अहेरी-सिरोंच्याच्या काठानं वाहते. चंद्रपूरच्या नालीचा शेवटचा माणूस सिरोंच्याचा गोंड आणि कोळी आहे. त्याला कोणत्याही जनसुनावणीला बोलावत नाहीत. सुनावणी जिथं कारखाना तिथं होते, पाणी जिथं पोचतं तिथं होत नाही. गडचिरोलीच्या साथींनी हे त्यांच्या सभेत मांडावं अशी माझी विनंती आहे.

आता एका गावाचा हिशेब करू, फळ्यावर लिहून घ्या. दोनशे घरं, हजार माणसं. सरकारचं खेड्यासाठीचं माप माणशी रोज ४० लिटर. म्हणजे रोज चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या चार खेपा. वर्षाला १,४६० खेपा. एका खेपेचे हजार रुपये समजा. वर्षाला १४ लाख ६० हजार. तीस वर्षं धरा, भाव अजिबात वाढला नाही असं धरा, जे कधी होत नाही, तरी ४ कोटी ३८ लाख. यात ढोरांचं पाणी नाही. भाजी, धान, काही नाही. लग्नाचं पाणी नाही.

आणि टँकर आला नाही तर? तर बाया जातील. दुसऱ्या गावाच्या विहिरीवर, गुंड डोक्यावर घेऊन. दोनशे घरांतली एकेक बाई रोज फक्त एक तास जास्त चालली असं धरा. वर्षाला ७३ हजार तास. आठ तासांचा दिवस धरला तर ९,१२५ दिवस. रोजगार हमीची आजची मजुरी १२७ रुपये. गुणाकार करा. ११ लाख ५८ हजार ८७५ रुपये. दरवर्षी. हे पैसे कोणी देत नाही म्हणून कोणी लिहीत नाही. कंपनीच्या अहवालात "पाणीपुरवठ्यावर परिणाम: नगण्य" असं लिहिलेलं असतं. हे नगण्य आपल्या बायांच्या मानेवर असतं.

सकाळी एका तरुण साथीनं विचारलं, की भाऊ, सगळं नाकारत बसलो तर आम्ही खायचं काय, कारखाना आला तर चार पोरं लागतील तरी. त्याचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. पुण्या-नागपूरला हॉटेलात भांडी घासायला जाणारी आपलीच पोरं आहेत. पण त्यानं कारखान्याला दोन प्रश्न विचारावेत. किती जणांना, किती वर्षं नोकरी? आणि त्या पगारातून घरी पाण्याच्या कॅनवर महिन्याला किती जाईल? वीस लिटरचा कॅन वीस-तीस रुपये. पाच माणसांच्या घराला निव्वळ प्यायला रोज एक लागतो. महिन्याला सहाशे-नऊशे. जो नोकरीला लागला तो भरेल कदाचित. शेजारी ज्याला नोकरी लागली नाही तोही तेच पाणी पितो.

तेव्हा कारखाना नकोच, असं मी म्हणून राहिलो नाही. मी म्हणतो, हा खर्च आधी लिहा. कोर्टानं बिछडीत जे नंतर वसूल करायला सांगितलं ते आपण आधी मागू. यासाठी हातात काय आहे ते सांगतो.

२००६ चा वनहक्क कायदा. आपण त्यात दाव्यांचाच विचार करतो. त्याचं कलम ५ काढून पाहा. त्यात ग्रामसभेला अधिकार दिला आहे की पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत यांचं पुरेसं रक्षण होतं की नाही हे तिनं पाहावं. पेसा अनुसूचित क्षेत्रातच चालतो, हा कायदा मात्र क्षेत्र अनुसूचित असो नसो, चालतो. आणि ३ ऑगस्ट २००९ चं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं पत्र आहे: वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी वनहक्काचे दावे पूर्ण झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. सरपंचाच्या सहीचं ना हरकत म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. हे दहा वेळा सांगितलं आहे, अकराव्यांदा सांगतो.

जनसुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, आणि सुनावणी संपली की काय काय बोलणं झालं ते मराठीत वाचून दाखवायचं. आपण भाषण करून, घोषणा देऊन घरी येतो. वाचून दाखवेपर्यंत थांबत नाही. ज्यानं वाचायचं तोही मग वाचत नाही. थांबा. आपलं बोलणं लिहिलं की नाही ऐका, नसेल तर लिहायला लावा. आणि विचारा: कोणकोणती रसायनं आत येणार, कोणती बाहेर पडणार, नावानिशी. गाळ किती टन निघणार, कुठं ठेवणार, खाली अस्तर काय, पावसाळ्यात काय. विहीर बिघडली तर गावाला पाणी कुठून, किती वर्षं, आणि त्याचे पैसे आज कोणत्या खात्यात ठेवणार. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असा अनुभव आहे. मिळालं नाही असं लिहायला लावा.

गेल्या वर्षीच्या कायद्यानं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झालं आहे, यंदा जुलैपासून दिल्लीत काम सुरू झालं. भरपाई मागायला तिथं पाच वर्षांची मुदत आहे, नुकसान पहिल्यांदा झालं तेव्हापासून मोजून. पहिल्यांदा कधी झालं हे कोण सांगणार? इथंच ती फ्लोराईडची गोष्ट परत येते. तुम्ही तक्रार केली की कंपनीचा वकील उठून म्हणेल, तुमच्या जिल्ह्यातलं पाणी आधीपासूनच खराब आहे, फ्लोराईड आहे, लोखंड आहे, आम्ही काय केलं? आणि तुमच्याजवळ आधीच्या पाण्याचा कागद नसेल तर तुम्ही गप्प. म्हणून कारखाना यायच्या आधी, खाण खोदायच्या आधी, आजच्या पाण्याचा कागद करून ठेवायचा. जमिनीची मोजणी करतो तशी पाण्याची.

कसं करायचं? प्रत्येक गावानं तीन जागा ठरवायच्या: एक प्यायची विहीर, एक हातपंप, एक नाला किंवा बोडी. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर. प्लॅस्टिकची नवी बाटली, त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची. हातपंप पाच मिनिटं हापसून मग भरायची. तेलाची, औषधाची जुनी बाटली चालणार नाही. बाटलीवर गाव, जागा, तारीख, वेळ. सोबत साधा पंचनामा, पाच जणांच्या सह्या-अंगठे, त्यात दोन बाया पाहिजेतच, कारण पाण्याचा रंग-वास कधी बदलला हे त्यांनाच आधी कळतं. धातू तपासायचे असतील तर बाटलीत थोडं आम्ल घालावं लागतं, ते प्रयोगशाळेवाले घालून देतात, त्यांना आधी विचारायचं. आपण आम्लाला हात लावायचा नाही. चंद्रपूरला भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे ग्रामपंचायतीच्या पत्रानं नमुना देता येतो. पोच घ्यायची. तोंडी "ठीक आहे पाणी" हे उत्तर चालायचं नाही, आकड्यांचा कागद मागायचा. नाही दिला तर माहितीच्या अधिकारात मागायचा, दहा रुपये लागतात.

आणि ग्रामसभेत ठराव. मजकूर साधा ठेवा, मी सांगतो तसा लिहून घ्या: "वनहक्क कायदा २००६, कलम ५ अन्वये आमच्या ग्रामसभेने गावातील व शिवारातील पाण्याच्या स्रोतांची यादी केली असून त्यांच्या आजच्या पाण्याची तपासणी करून घेतली आहे. या स्रोतांच्या पाणलोटात कोणताही उद्योग वा खाण सुरू होण्यापूर्वी पाणी दूषित झाल्यास शुद्धीकरणाचा व पर्यायी पाणीपुरवठ्याचा पूर्ण खर्च आधी जमा केल्याशिवाय ही ग्रामसभा संमती देणार नाही." त्याखाली यादी, विहिरींच्या नावानिशी. पाटलाची विहीर, देवळामागची विहीर, जसं गावात म्हणतात तसंच लिहा. साहेबाला समजो न समजो, आपल्याला समजलं पाहिजे.

एक गोष्ट राहिली. गावात कोणी फुकट मशीन घेऊन आलं तर लगेच हाकलू नका, आणि लगेच फीतही कापू नका. त्याला विचारा: भुकटी किंवा पडदा किती महिन्यांनी बदलणार, त्याचे पैसे कोण देणार, टाकाऊ पाणी कुठं सोडणार, आणि हे तिन्ही स्टँपपेपरवर लिहून देणार का. एका गावात मी स्वतः असं मशीन पाहिलं. वर्षभर चाललं. आता त्याच्या खोलीत कोंबड्या आहेत. कोंबड्या सुखात आहेत.

नमुन्याच्या बाटल्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. गावाला तीन. पंचनाम्याचे कोरे कागद तिथंच आहेत, सायक्लोस्टाईल करून. ज्या गावांची नावं वहीत लिहिली आहेत त्यांनी जाताना सही करून घेऊन जावं, आणि ज्यांची नाहीत त्यांनी आधी नाव लिहावं.